लिंबू : गाडीपुढचे आणि गाडीतले

आमच्या वऱ्हाडात मोटार घरी आली की तिला आधी हार पडतो, मग चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि शेवटी तिच्या तोंडाशी लिंबू-मिरच्यांची माळ लटकते. गाडी कोरी असो की चौथ्या हाताची, हा विधी चुकत नाही. २०१९ च्या दिवाळीत आमच्या दारी एक भली थोरली, परदेशी नावाची मोटार आली, तेव्हा बाजारातून लिंबे मीच आणली होती. मी त्या वेळी दहावीत होतो. एक लिंबू गाडीच्या आतही बसलेले आहे, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही. त्या आतल्या लिंबाची हकिकत आणि त्यावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले. समृद्धी महामार्गात आमची दोन एकर जमीन गेली. पैसे आले, आणि पैशांबरोबर सल्लागारही आले. माझ्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, आयुष्यभर बैलगाडी, सायकल आणि एक फटफटी यांपलीकडे वाहन वापरलेले नव्हते. त्यांना एका दलालाने ही गाडी दाखवली. गाडी २०१० ची, दिल्लीत नोंदलेली, डिझेलवर चालणारी. नवी असताना किंमत चाळीस लाखांच्या पुढे. आता मागणी फक्त नऊ लाख. मीटरवर ७२ हजार किलोमीटर. आत कातडी बैठका, छतात काचेची खिडकी. “एवढ्या पैशात नवी लहान गाडी येते, अन् ही पाहा, आमदारावानी!” असे दलाल म्हणाला आणि मोठेबाबा विरघळले. कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे घडले तो दोष नावाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

आठ महिने गाडी राजासारखी चालली. मग ऐन पावसाळ्यात एका सकाळी पाहतो तो तिचा पुढचा भाग जमिनीला टेकलेला. उंट गुडघे टेकून बसावा तशी गाडी बसली होती. गावच्या मिस्त्रीने बाहेरूनच हात जोडले. टोचन करून ती नागपूरला न्यावी लागली. तेथे तिला यंत्र जोडून तपासले, तेव्हा गिअरपेटीच्या स्मृतीत १ लाख ६० हजारांहून अधिक किलोमीटरची नोंद सापडली. पुढच्या चाकांवरची हवेची स्प्रिंगे, त्यांत हवा भरणारा पंप आणि गिअरपेटीचा एक भाग मिळून खर्च २ लाख ८० हजार सांगितला. तो केला. चार महिन्यांनी दुसरे काही निघाले. २०२१ मध्ये साडेतीन लाखांना गाडी विकली. मोठ्या ताईच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे त्याच खात्यातून जायचे होते. ती एक वर्ष घरी थांबली. मोठेबाबा त्या वर्षभरात तिच्याशी नीट नजर मिळवून बोलले नाहीत. दोन एकरांपैकी एक एकर रस्त्याने घेतला आणि दुसरा गाडीने खाल्ला, असे आजी म्हणायची.

पुढे कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला एक नाव कानी पडले आणि मी दचकलोच. अमेरिकेत फसव्या जुन्या मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘लिंबांचा बाजार’ या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. त्याच कामासाठी २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणणे साधे आहे. जुन्या गाडीचे अंतरंग विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा म्हणून मधला, सरासरी भाव देऊ करतो. ज्याची गाडी खरोखर चांगली आहे त्याला तो भाव परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात ती लिंबे. घेणारे आणखी सावध होतात, भाव आणखी उतरतो आणि उरलेल्यांतल्या बऱ्या गाड्याही निघून जातात.

यात आपल्याला नवे वाटावे असे काय आहे? बैलबाजारात आपले आजे-पणजे हेच जाणून होते. रुमालाखाली बोटे दाबून सौदा होण्यापूर्वी ते बैलाचे दात मोजत, खांदा चाचपत, त्याला चालवून पाहत आणि बैल कोणत्या गावचा, कोणाच्या दावणीचा हे विचारत. सावकारी भपक्याला ते भुलत नसत. त्याच घरातला माणूस मोटारीपुढे उभा राहिला की मात्र तिचा रंग पाहतो!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठी, उंची मोटार जुनी झाल्यावर तिच्यावर भरवसा ठेवावा की नाही?

पहिली गोष्ट किमतीची. मोटारीचा भाव वर्षागणिक उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी नऊ लाखांना मिळाली, तरी तिचा पंप, तिचे दिवे, तिची गिअरपेटी चाळीस लाखांच्या गाडीचीच असते. दार गरिबाला परवडते, संसार श्रीमंताचा चालवावा लागतो. हत्ती विकत घेण्यापेक्षा त्याला पोसणे अवघड, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. शिवाय भाव किती उतरला हीदेखील एक साक्षच आहे. २००९ साली भारतात आलेली फॉर्च्युनर किंवा २००२ ची स्कॉर्पिओ अशा चौकटीवर बांधलेल्या, तुलनेने साध्या गाड्या जुन्या झाल्या तरी भाव धरून असतात, कारण त्या दुरुस्त करणारा हात तालुक्याच्या गावीही सापडतो. जी गाडी चौथ्या हिश्श्यावर आली आहे, तिच्या स्वस्ताईचे कारण आधी विचारावे.

दुसरी गोष्ट यंत्राची. उंची गाडीचे सुख ज्या भागांवर उभे असते तेच भाग लवकर थकतात. हवेची स्प्रिंगे म्हणजे शेवटी रबराच्या पिशव्या. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर ताठर होऊन चिरते, पाण्याच्या नळ्या आणि प्लास्टिकचे जोड ठिसूळ होतात. आपल्या काळ्या मातीची धूळ हवेच्या जाळीत बसते. ऑटोमॅटिक गिअरपेटीतले तेल ‘जन्मभर’ चालते असे सांगितले जाते. पण जर्मनीची झेडएफ ही गिअरपेट्या बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलावे असे सांगते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाडी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग वेगात चालली की ती काजळी जळून जाते. शेत ते गाव एवढ्याच फेऱ्या झाल्या, तर गाळणी तुंबते आणि तिचा खर्च मोठा असतो. म्हणून कोणती गाडी चांगली असे विचारण्याआधी आपण तिला कोठे चालवणार, हे विचारायला हवे.

तिसरी गोष्ट परीक्षेची. हे सारे मी अमरावतीच्या एका वयस्क मिस्त्रीकडून शिकलो. ते म्हणतात, गाडी नेहमी थंड असताना पाहावी. बॉनेटवर हात ठेवावा; गरम लागली तर कोणीतरी आधी चालू करून तिचा खोकला घालवला आहे असे समजावे. सुरू होताना निळा धूर निघाला तर इंजिन तेल जाळते, सतत काळा निघाला तर हवा-इंधनाचे प्रमाण बिघडले, आणि गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरत असावे. तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला तर सरळ घरी यावे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटर ४० हजार दाखवतो आणि पायाखालचे पेडल घासून गुळगुळीत झाले आहे, तर पेडलावर विश्वास ठेवावा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते; त्याला यंत्र जोडले की गाडी आपल्या तक्रारी स्वतः सांगते. विकणाऱ्याने त्या पुसल्या असतील तर ‘स्वतःच्या चाचण्या अपूर्ण’ असेही तीच सांगते. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे सर्व्हिसची जुनी बिले. नामांकित कंपनीची पण बिले नसलेली गाडी आणि साध्या कंपनीची पण पहिल्या दिवसापासून बिले असलेली गाडी, यांत दुसरी अधिक भरवशाची. कंपनीचे नाव हजारो गाड्यांची सरासरी सांगते. आपण मात्र एकच गाडी घेत असतो.

चौथी गोष्ट कागदांची. दिल्लीची गाडी स्वस्त का, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्या न्यायालयाने काही सवलतीही दिल्या. मुदत संपत आलेल्या गाड्या त्यामुळे इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. परराज्यातील गाडीला तेथील ना-हरकत दाखला लागतो आणि येथे पुन्हा रस्ताकर भरावा लागतो. तो हिशेब सौद्याआधी करावा. कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद आर.सी.वर पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विकणाऱ्यानेही हे हसण्यावारी नेऊ नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. गाडी मधल्या काळात कितीही हातांतून फिरलेली असो.

एवढे ज्ञान गाठीला बांधल्यावर गेल्या वर्षी परीक्षेचा प्रसंग आलाच. मोठेबाबांना अकोल्याला एक मोठी गाडी असल्याचे कळले. मी मनात धसकलो, पण या वेळी ते स्वतःच म्हणाले, “बाबू, तू अन् मिस्त्री दोघंही चाला मासंगं.” आम्ही मिस्त्रींच्या गाडीने बडनेरा, मूर्तिजापूर करीत निघालो. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम नोंदवला गेला आहे. रस्ता असा की कोणालाही मोठी गाडी घ्यावीशी वाटावी.

गाडी सुरेख होती. मोठेबाबांनी कौतुक न करता आधी बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम होते. “उद्या सकाळी येतो, तवरोक चालू करू नोका,” एवढेच बोलून ते बाहेर पडले. रात्र आम्ही अकोल्यात नातेवाइकांकडे काढली. सकाळी गाडी सुरू केली तेव्हा मागे निळसर धुराची एक फुंकर निघाली. मिस्त्रींनी यंत्र जोडले, चाचण्या अपूर्ण. बिले मागितली, तर मालक परगावी होता. विकणाऱ्याने एक लाख कमी केले, मग आणखी पन्नास हजार. मोठेबाबा हसले. “भाऊ, गाडी झाक हाय. पन तिच्या पोटातलं तुमाले मालूम हाय, मले नाई.” अकरलॉफ महाशयांचा सारा निबंध त्यांनी एका वाक्यात सांगितला, आणि तोही न वाचता.

जुनी उंची गाडी कोणी घेऊच नये, असे मला म्हणायचे नाही. जुनी बिले पूर्ण असतील, जाणता मिस्त्री जवळ असेल, विकणारा लेखी हमी देत असेल आणि किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत असेल, तर खुशाल घ्यावी. तिच्यासारखे सुख नव्या लहान गाडीत नाही. चौथ्या हिश्श्याचा हा हिशेब आमच्या मिस्त्रींचा आहे. तो जमत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, मग तिची किंमत कितीही कमी असो.

परतताना मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. मोठेबाबांनी खिशातून फोन काढून ताईला लावला. तिचे नर्सिंगचे शेवटचे वर्ष आता सुरू आहे. “गाडी नाई घेतली,” ते म्हणाले, “तुही फी भरून देतो उद्या.” पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही, पण मोठेबाबांनी चहा गार होऊ दिला आणि बराच वेळ बोलत राहिले.