युरोपातील बक्षिसी आणि आठवणवस्तू

आपल्या स्मरणिकेत युरोपची प्रवासवर्णने अनेकदा येऊन गेली आहेत. आयफेल टॉवर, आल्प्सचे बर्फ आणि व्हेनिसचे कालवे यांविषयी सभासदांनी भरभरून लिहिले आहे. त्यात मी भर घालत नाही. २०२४च्या मे-जून महिन्यांत मी आणि माझी महाविद्यालयात शिकणारी मुलगी अशा दोघी तेवीस दिवस पॅरिस, म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस आणि नेपल्स या मार्गाने हिंडलो. पाठीवर आठ-आठ किलोची सॅक, खिशात रेल्वेचा पास आणि मुक्कामाला तरुण प्रवाशांची वसतिगृहे, असा सारा थाट होता. (पन्नाशी उलटलेल्या बालरोगतज्ज्ञाने दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर चढून झोपणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांकडून बक्षिसीची रक्कम बहुधा आधीच माणशी गोळा केली जाते आणि पुढचे सारे सहलप्रमुख पाहतो. स्वतःच्या जबाबदारीवर हिंडणाऱ्याला मात्र दिवसातून चार वेळा प्रश्न पडतो : येथे वरचे पैसे द्यायचे की नाही, द्यायचे तर किती, आणि कोणाच्या हातात? आपल्याकडील पुष्कळ मंडळी 'तिकडे देत नाहीत' असे ऐकून काहीच देत नाहीत; काही जण अमेरिकेतील नातेवाइकांच्या सल्ल्याने सरसकट वीस टक्के ठेवतात. युरोपात समोरच्या माणसाचा पगार कोण देतो, हे कळल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. फ्रेंच भाषेत बक्षिसीला 'पूर्बुआर' म्हणतात. त्याचा सरळ अर्थ 'पिण्यासाठी'. जर्मन 'ट्रिंकगेल्ड' म्हणजे पिण्याचे पैसे. डॅनिश, स्वीडिश आणि पोलिश शब्दही पिण्यावरूनच आले आहेत आणि पोर्तुगीजांचा 'गोर्झेता' हा शब्द घशावरून. रशियन माणूस चहाचे पैसे देतो आणि आपण चहापाणी देतो. घोटभर काही तरी प्यायला मिळावे ही कल्पना सर्वत्र सारखीच आहे. मराठीने मात्र यात बारीक भेद केले आहेत. प्रसन्न होऊन दिली ती बक्षिसी, दिवाळीला हक्काने मागितले ते पोस्त, आणि काम अडू नये म्हणून हळूच सरकवली ती चिरीमिरी. हे तीन शब्द जवळ असले की युरोपातील निम्मे गोंधळ सुटतात.

फ्रान्समध्ये शुद्ध बक्षिसीचे राज्य आहे. १९८७च्या शासकीय आदेशानुसार तेथे खाद्यगृहाच्या दरपत्रकावर जी किंमत छापली असेल, तिच्यात कर आणि सेवेचा आकार दोन्ही धरलेले असले पाहिजेत. वाढपी पगारी नोकर असतो. त्यामुळे कॉफीनंतर काही सुटी नाणी, चांगल्या जेवणानंतर एक-दोन युरो टेबलावर ठेवले की पुरे. काही न ठेवता उठलात तरी कोणी वाईट मानत नाही. अलीकडे पर्यटकांच्या भागात कार्डाच्या यंत्रावर दहा, पंधरा, वीस टक्क्यांचे पर्याय दिसू लागले आहेत. ते नाकारायला संकोच बाळगण्याचे कारण नाही.

इटलीत प्रकार निराळा. तेथे बिलावर 'कोपेर्तो' नावाची एक रक्कम माणशी लावली जाते, साधारण एक ते तीन युरो. ही बक्षिसी नव्हे. टेबलावरचे कापड, काटे-चमचे आणि पाव यांचा तो आकार आहे. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर ही डोईपट्टी झाली. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तेथे २००६ साली कायद्याने तिला बंदी झाली. मग तीच रक्कम अनेक ठिकाणी पावाच्या नावाने दिसू लागली! शिवाय इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर एक दर आणि बसून प्यायली तर दुसरा. व्हेनिसच्या सॅन मार्को चौकातील जुन्या कॅफेंत वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचा आकार वेगळा पडतो. हे सर्व दरपत्रकावर लिहिलेले असते, फक्त ते बसण्याआधी वाचावे लागते. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या घरात होता, त्यामुळे आम्ही मायलेकी इटलीत बहुतेक कॉफी उभ्यानेच प्यायलो.

त्याच इटलीत, नेपल्समध्ये, देण्याची सर्वांत सुंदर रीत पाहायला मिळाली. तिला 'काफे सोस्पेझो' म्हणतात, म्हणजे स्थगित कॉफी. गिऱ्हाईक एक कॉफी पितो आणि पैसे दोन कॉफींचे देतो. नंतर कोणी गरजू आला आणि 'स्थगित कॉफी आहे का' असे विचारले, तर त्याला ती मिळते. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रक्कम पाच ते दहा टक्के असते, पण महत्त्व रीतीला आहे. तेथे पैसे टेबलावर ठेवून निघून जाणे काहीसे तुटक समजले जाते. वाढपी बिल घेऊन जवळ उभा राहतो. अठरा युरो चाळीस सेंट झाले असतील तर आपण नोट पुढे करून 'वीस' एवढेच म्हणायचे, किंवा 'श्टिम्ट झो', म्हणजे 'बरोबर आहे, राहू द्या'. बुडापेस्टमध्ये याचीच एक गमतीदार आवृत्ती आहे. मोठी नोट देताना तुम्ही 'कोसोनोम', अर्थात धन्यवाद, म्हणालात तर उरलेले पैसे ठेवून घ्या असा त्याचा अर्थ होतो. सौजन्याची सवय असलेल्यांना हा धन्यवाद महागात पडू शकतो. तेथील बिलांवर दहा ते पंधरा टक्के सेवा-आकार अनेकदा आधीच लावलेला असतो. तसा असेल तर वर काही देण्याची गरज नाही.

पैसे खरोखर कष्टकऱ्याच्या हाती पडतात का, हा प्रश्न तिकडेही मिटलेला नाही. जर्मनीत सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराशी छोट्या मेजावर बशी ठेवून एखादी बाई बसलेली असते. येणारा-जाणारा अर्धा युरो टाकतो तो तिच्यासाठी, असा आपला समज. २०१४ साली गेल्सेनकिर्शन येथील कामगार न्यायालयात अशाच एका बाईने दाद मागितली, कारण बशीतील पैसे मालक नेत होता. न्यायालयाने त्यात तिचा वाटा मान्य केला. ब्रिटनमध्ये तर बक्षिसीची पूर्ण रक्कम कामगारांनाच मिळावी असा कायदा २०२३ साली करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०२४पासून तो लागू झाला.

याच्या अगदी उलट टोकाला 'मोफत' पदभ्रमण सहली आहेत. जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात रंगीत छत्री हाती धरून एखादा तरुण चौकात उभा असतो आणि दोन-अडीच तास शहराचा इतिहास सांगतो. तिकीट नाही. आपल्या तरुण मुलांना ही सोय फार आवडते, पण तिचे गणित त्यांना कोणी सांगत नाही. या मार्गदर्शकाला बहुधा पगार नसतो. काही कंपन्यांत तर येणाऱ्या प्रत्येक डोक्यामागे त्यालाच कंपनीला पैसे भरावे लागतात. म्हणजे शेवटच्या चौकात हळूच मागे राहून गर्दीत मिसळणारा प्रवासी त्याला नुसता रिकाम्या हाती पाठवत नाही, खिशातून भरायलाही लावतो. येथे जे द्यायचे ती मजुरीच आहे. माणशी दहा ते पंधरा युरो योग्य समजावेत, आणि तेवढे बजेट नसेल तर त्या सहलीला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता डॉक्टरांशी संबंधित भाग. बुडापेस्टमध्ये आम्ही सेमेलवाइस संग्रहालय पाहिले. इग्नाझ सेमेलवाइस १८१८ साली याच घरात जन्मला. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू घटवून दाखवले, हे आपण सर्व जण विद्यार्थिदशेत शिकलो आहोत. संध्याकाळी वसतिगृहातील स्वागतकक्षातल्या तरुणीशी त्याविषयी बोलत असता तिने 'हालापेन्झ' हा शब्द सांगितला. अर्थ : कृतज्ञतेचे पैसे. साम्यवादी राजवटीने डॉक्टरांचे पगार अत्यल्प ठेवले आणि रुग्ण जे पाकीट देतील त्याकडे काणाडोळा केला. राजवट गेली, पाकीट राहिले. प्रसूतीच्या वेळी आपला ओळखीचा डॉक्टर हजर असावा यासाठी तर ते जणू ठरलेलेच होते. नाव कृतज्ञतेचे असले तरी पाकीट न दिल्यास काय होईल या धास्तीने दिलेला पैसा आपल्या भाषेत चिरीमिरीच ठरतो. हंगेरीने २०२० साली कायदा करून १ जानेवारी २०२१पासून हे पैसे देणे आणि घेणे हा फौजदारी गुन्हा ठरवला. मला त्यातील महत्त्वाची गोष्ट वाटली ती अशी, की त्याच कायद्याने डॉक्टरांचे पगार टप्प्याटप्प्याने मोठ्या प्रमाणात वाढवले.

हे ऐकताना मला आपल्याकडील प्रसूतिकक्षाचे दार दिसत होते. गेली पंचवीस वर्षे नवजात बाळ हाती घेण्यासाठी मी त्या दारातून ये-जा करते आहे. बाळ बाहेर आणणारी आया नातेवाइकांसमोर थांबते आणि बोली सुरू होते. मुलगा असेल तर एक आकडा, मुलगी असेल तर दुसरा, आणि मुलगी झाली म्हणून तो आकडा कमी सांगण्यात आपण उदारपणा करतो आहोत असा आव. बाळ अजून एक तासाचेही नसते आणि त्याच्या जन्माचा दर ठरलेला असतो. ज्यांचे बाळ अतिदक्षता कक्षात आहे त्या घरच्यांकडून, ते नीट राखावे म्हणून, रोज काही ना काही घेतले जाते. भिंतीवर 'कोणासही पैसे देऊ नयेत' हा फलक असतोच. ती आया कंत्राटी असते, तिचा पगार कंत्राटदाराच्या हातून कापून येतो, आणि आपणा डॉक्टरांपैकी फार थोड्यांनी तो किती आहे हे कधी विचारले आहे. ज्या सभासदांची स्वतःची प्रसूतिगृहे आहेत, त्यांना आयांचा पगार वाढवून, दोन्ही जन्मांना सारखेच पेढे वाटून, ही बोली बंद करता येण्यासारखी आहे. फलक त्यानंतर लावावा.

आठवणवस्तूंच्या खरेदीतही पैसे कोणाकडे जातात हाच प्रश्न कामी येतो. आयफेल टॉवरखाली एका युरोला मूठभर मिळणाऱ्या किल्ल्यांच्या साखळ्या बहुतेक चीनमधून आलेल्या असतात. त्या विकणारे परदेशातून पोटासाठी आलेले तरुण पोलीस दिसताच चादर गुंडाळून पळतात. सीन नदीच्या काठी मात्र जुन्या पुस्तकांचे विक्रेते आपल्या हिरव्या पेट्या उघडून बसतात. नगरपालिकेच्या नियमानुसार चार पेट्यांपैकी एकाच पेटीत आठवणवस्तू ठेवता येतात, उरलेल्या पुस्तकांसाठी. त्यांच्याकडून आम्ही एक जुने छापील चित्र घेतले. वजन काहीच नाही आणि सॅकमध्ये वहीत घालून आले. व्हेनिसच्या दुकानांत 'मुरानोची काच' म्हणून बरेच काही मांडलेले असते. १२९१ साली व्हेनिसने आपल्या काचभट्ट्या आगीच्या भीतीने मुरानो बेटावर हलवल्या, तेव्हापासूनची ही कला. पण शहरातील बराच स्वस्त माल बाहेरून येतो. 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे १९९४पासूनचे प्रांतिक मानचिन्ह पाहून घ्यावे. पदपथावरील नकली नामांकित पिशव्यांच्या वाटेला जाऊच नये, कारण इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो आणि तो ७००० युरोंपर्यंत जाऊ शकतो. सार्डिनिया बेटावरून बाटलीभर वाळू आठवण म्हणून आणणेही गुन्हा आहे.

मी एकच महागडी वस्तू घेतली, ती व्हिएन्नात. काचेच्या गोलात छोटे देऊळ आणि हलवले की बर्फ पडते, ते खेळणे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची व्हिएन्नातील कथा आपल्या व्यवसायाशी जोडलेली आहे. एर्विन पेर्झी हा शल्यक्रियेची हत्यारे बनवणारा कारागीर. १९००च्या सुमारास शस्त्रक्रियागृहातील विजेच्या दिव्याचा प्रकाश वाढवण्याचे काम त्याच्याकडे आले. चांभार पाण्याने भरलेल्या काचगोलातून दिव्याचा उजेड एकवटत, ते पाहून त्याने तसा गोल घेतला आणि प्रकाश परावर्तित व्हावा म्हणून पाण्यात निरनिराळे पदार्थ टाकून पाहिले. त्यांत लहान मुलांच्या लापशीचा रवाही होता. रवा सावकाश खाली बसू लागला आणि त्याला हिमवर्षाव दिसला. दिवा राहिला बाजूला. त्याने आत मारियात्सेलच्या प्रार्थनामंदिराची प्रतिकृती बसवली. त्याच घराण्याची पुढची पिढी आजही व्हिएन्नाच्या सतराव्या प्रभागात हे गोल बनवते.

विमानात हाताशी ठेवलेल्या सामानातून असा गोल नेताना अडचण येऊ शकते, कारण आत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी असेल तर सुरक्षा तपासणीत तो काढून घेतात. आम्ही तो मोज्यांच्या जोडीत गुंडाळून सॅकबरोबर सामानात दिला. हल्लीचा बर्फ कशाचा असतो हे ते घराणे सांगत नाही. सध्या तो माझ्या तपासणीच्या टेबलावर आहे. लस टोचण्याआधी मी तो मुलाच्या हाती देते; त्याने हलवल्यापासून बर्फ खाली बसेपर्यंतचा वेळ एका इंजेक्शनला पुरतो.