रायडर हिमनदीचा उंबरठा

ऑगस्ट २०१९ मध्ये ‘ओडेन’ हे स्वीडनचे बर्फफोडे जहाज ग्रीनलंडच्या वायव्येकडील शेरार्ड ऑस्बॉर्न फियॉर्डमध्ये शिरले. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि समुद्राने भरलेली अरुंद दरी. या दरीच्या तळाचा नकाशा तोवर नव्हताच.

जहाजाच्या बुडाशी बसवलेले सोनार ध्वनीचे शेकडो किरण पंख्यासारखे खाली सोडते. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणजे प्रतिध्वनी एका सेकंदात परतला, तर तळ ७५० मीटर खोल. मात्र हिशेब इतका सरळ नाही. इथे वर वितळलेल्या बर्फाचे थंड, कमी खारट पाणी असते आणि खाली अटलांटिकमधून आलेले त्याहून उबदार, खारट पाणी. थराथराला ध्वनीचा वेग बदलतो, किरण वाकतो. म्हणून पाण्याचे तापमान आणि क्षारता पुनःपुन्हा मोजावी लागते.

तयार झालेल्या नकाशात रायडर हिमनदीसमोर तळातून वर आलेला उंचवटा दिसला. अंगणातले पाणी उंबरठ्याशी अडावे, तसे खालचे उबदार पाणी तिथे बऱ्याच अंशी अडते. शेजारच्या पीटरमन हिमनदीला एवढे संरक्षण नाही. तिच्या तरंगत्या जिभेचे प्रचंड तुकडे २०१० आणि २०१२ मध्ये तुटले होते.

ग्रीनलंडचा बर्फ किती वेगाने वितळेल आणि समुद्र किती चढेल, हे गणित केवळ हवेच्या तापमानावर सुटत नाही. त्यात हा न दिसणारा उंबरठाही धरावा लागतो.