सेबिनच्या गाद्या आणि आपलं घोंगडं

साताऱ्याहून एका वाचकांनी पत्र पाठवलंय. जुना वाडा सोडून दोन वर्षांपूर्वी ते नव्या बंगल्यात राहायला गेले. गेल्या दिवाळीत हॉलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही लावला आणि त्याच्या जोडीला पाच स्पीकर नि एक वूफर असं होम थिएटर घेतलं. तेव्हापासून घरात रिमोटवरून भांडणं आहेत. सिनेमात माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. ‘स्फोट शेजाऱ्यांना ऐकू जातो, पण समोर बसून मला संवाद कळत नाहीत. दुकानदार म्हणतात, वरचं मॉडेल घ्या. घेऊ का?’

घेऊ नका. तुमच्या होम थिएटरचा सर्वात मोठा भाग कुठल्याच खोक्यातून आलेला नाही. तो गवंड्याने बांधलाय. ती तुमची खोली आहे, आणि तुमचे संवाद तिथेच हरवताहेत.

आधी एक प्रयोग. टीव्ही बंद करा, पंखा बंद करा, हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळी संपल्यावर भिंतींमधून बारीक ‘टर्रर्र’ असा आवाज आला, तर निदान झालं. व्हिट्रिफाइड टाइल्सची जमीन, गुळगुळीत प्लास्टर, वर पीओपीचं सिलिंग, एका बाजूला मोठी काच. यांतलं काहीही आवाज गिळत नाही, प्रत्येक जण तो समोरच्याकडे परत फेकतो. जुन्या वाड्याच्या सोप्यात ही टर्रर्र कधी ऐकली होती का, आठवून पाहा. सारवलेली जमीन, पांढऱ्या मातीच्या जाड ओबडधोबड भिंती, लाकडी तुळया, कोनाडे, खुंटीवर टांगलेले कपडे, कोपऱ्यात वळकट्या. माण-खटावच्या माळवदाच्या घरात तर डोक्यावरही माती. त्या घरांना आपण अंधारी म्हणून नावं ठेवली, पण त्यांच्यात बोललेला शब्द स्पष्ट ऐकू येई.

खोली आवाजाचं काय करते हे मोजून पाहणारा पहिला माणूस म्हणजे वॉलेस क्लेमेंट सेबिन. त्याची गोष्ट मला इतकी आवडते की थोडी सविस्तर सांगतो.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातलं व्याख्यानगृह दिसायला देखणं, पण व्याख्यानाला निकामी. उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राही. तेवढ्यात वक्ता पुढचे दहा-बारा शब्द बोलून गेलेला असे आणि सगळ्यांचा काला होई. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ते सुधारण्याचं काम भौतिकशास्त्र विभागातल्या सत्तावीस वर्षांच्या सेबिनवर सोपवलं. ज्येष्ठ मंडळींच्या मते हा प्रश्न सुटण्यातलाच नव्हता.

सेबिनकडे मायक्रोफोन नव्हता, आवाजाची तीव्रता दाखवणारं कुठलंच यंत्र नव्हतं. एक ऑर्गनची नळी, वेळ मोजायचं साधन आणि स्वतःचे कान, एवढीच सामग्री. नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागला ते टिपायचं. दिवसा गावाचा गलबला, म्हणून काम मध्यरात्रीनंतर. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तो मदतनिसांना घेऊन रात्री उचलून आणायचा, व्याख्यानगृहात एकेक करून वाढवत जायचा, दर वेळी मोजायचा आणि उजाडायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायचा. अशा किती रात्री गेल्या असतील!

त्यातच एकदा त्याच्या ध्यानात आलं की आपण अंगात कोणते कपडे घालून उभे होतो याची नोंद केलेली नाही, आणि कपडेही आवाज शोषतात. त्याने हजारो निरीक्षणं सरळ टाकून दिली आणि पुढे दर वेळी तोच कोट, तीच विजार घालून मोजायला उभा राहू लागला. विज्ञानातल्या सचोटीचं उदाहरण शाळेत सांगायचं असेल, तर मी हे सांगेन.

या गाद्यांच्या आकड्यांमधून १८९८ साली त्याला नियम सापडला. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो आणि तिच्यात शोषणारं जितकं जास्त तितका कमी. घनमीटरमधल्या आकारमानाला शोषणाने भागा, ०.१६१ने गुणा, सेकंद मिळाले. शोषण मोजायला त्याने एकक घेतलं उघड्या खिडकीचं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. या नियमाच्या आधाराने आखलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली उघडलं आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांमध्ये त्याचं नाव घेतात.

आता हाच हिशोब साताऱ्याच्या हॉलला लावू. पत्रात मापं दिली आहेत : बारा फूट बाय दहा फूट, उंची दहा. म्हणजे ३४ घनमीटर हवा आणि तिच्याभोवती ६३ चौरस मीटर पृष्ठभाग. टाइल, प्लास्टर, काच आवाजाचे शेकडा तीन भाग गिळतात असं धरलं, तर सगळी खोली मिळून दोन चौरस मीटर उघड्या खिडकीएवढंही काम करत नाही. रिकाम्या हॉलचं उत्तर येतं जवळजवळ तीन सेकंद! सोफा आणि पडद्यांनी ते सेकंदाच्या आसपास उतरेल. बोलणं नीट कळायला लागतो अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी. एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीचं काम करतो. सगळं कुटुंब बसलेलं असताना संवाद जरा बरे कळतात आणि रात्री एकटं बसलं की कळत नाहीत, ते यामुळे.

पण मग स्फोट कसा नीट ऐकू येतो? ‘पाट’, ‘पाठ’ आणि ‘पात’ हे तीन शब्द मोठ्याने म्हणा. तिन्हींमधला ‘पा’ दणदणीत आहे. फरक आहे तो शेवटच्या व्यंजनात, आणि ते व्यंजन म्हणजे हवेची एक दुबळी, क्षणभराची, उंच पट्टीतली फुंकर. घुमणाऱ्या खोलीत आधीचा ‘आ’ अजून भिंतींवर आपटत असतो आणि ती फुंकर त्याच्याखाली गाडली जाते. आवाज वाढवला की ‘आ’सुद्धा तितकाच वाढतो. रिमोटने हा प्रश्न सुटायचा नाही. स्फोटाला व्यंजन नसतं.

जत्रेतला तंबूतला सिनेमा पाहिलेल्यांना ही गोष्ट वेगळ्या बाजूने पटेल. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांमध्ये टूरिंग टॉकीजचे तंबू पडत. यंत्र जुनं, भोंगा खरखरणारा, पण चारी बाजूंना कापड. भिंतच नाही तर आवाज परत कुठून येणार? शेकडो माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, म्हणजे शेकडो गाद्याच. त्याच्याही आधी, १८४३ साली, सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हा तर नटाचा गळा आणि समोरची जागा याखेरीज काहीच नव्हतं. मराठी रंगभूमीच्या नटांनी पुढे कित्येक पिढ्या जागा पाहून आवाज लावला. आपण घरातलं थिएटर मांडताना जागेकडे पाहतसुद्धा नाही.

वूफरचं दुखणं निराळं आहे. पत्रात लिहिलंय की मागच्या भिंतीला टेकवलेल्या दिवाणावर आईंना छातीत धडधडतं आणि मधोमध जमिनीवर बसलेली मुलं म्हणतात, वूफर चालूच नाही. दोघंही खरं सांगताहेत. बारा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला ४७ कंपनांचा स्वर अगदी नेमका मावतो. तो पुढे न सरकता जागीच हेलकावतो. भिंतीपाशी त्याचा जोर सर्वात जास्त, बरोबर मध्ये जवळजवळ शून्य. दहा फुटांसाठी असा स्वर आहे ५६ कंपनांचा, आणि या हॉलची रुंदी व उंची दोन्ही दहा फूट असल्याने तो दोन दिशांनी दुप्पट होतो. घनाकृती खोली यासाठी सर्वात वाईट. उपाय मात्र फुकटचा आहे. ध्वनिशास्त्रात उलटापालटीचा एक तत्त्वनियम आहे : आवाजाची जागा आणि कानाची जागा यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला परिणाम तोच राहतो. म्हणून वूफर उचलून आईंच्या दिवाणावर ठेवा, एखादं ठेक्याचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत जाऊन कान लावा. जिथे ठेका सम आणि स्वच्छ ऐकू येईल ती वूफरची जागा. दिवाणही भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

चित्राबद्दल थोडक्यात. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात एका अंशाचा साठावा भाग एवढं अंतर लागतं. ५५ इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचे ठिपके सात फुटांच्या पलीकडून एकमेकांत मिसळतात. फोर-केचे वेगळे पाहायला साडेतीन फुटांवर बसावं लागेल. आपला सोफा असतो नऊ-दहा फुटांवर. नव्या पडद्यांचे रंग आणि उजेड-अंधारातला फरक खरोखर सुंदर असतात, त्यासाठी पैसे जरूर मोजा. ठिपक्यांच्या संख्येसाठी मोजू नका. ‘हाय डेफिनिशन’ हा शब्दही नवा नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने ४०५ रेषांचं दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा तेही हाय डेफिनिशनच होतं.

ती ४०५ रेषांची पद्धत घडवणाऱ्यांत एक ॲलन ब्लमलिन होता, आणि त्याचं नाव दुकानातल्या कुठल्याच खोक्यावर नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. सिनेमागृहात बसला असताना त्याला खटकलं की नट पडद्याच्या एका टोकाला आहे आणि आवाज दुसरीकडूनच येतोय. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. दोन स्पीकरमधून आवाजाला पडद्यावर जागा देण्याची जवळजवळ सगळी कल्पना त्यात आहे. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. ते काम युद्धाचं गुपित होतं, त्यामुळे बातमीही दाबून ठेवली गेली. एचडीचं चित्र आणि दिशा असलेला आवाज, दोन्हींत एकाच माणसाचा हात, आणि त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

पत्रातली आणखी एक तक्रार, ओठ आधी हलतात की आवाज आधी येतो, हिचं उत्तर वाईच्या घाटावर मिळेल. कृष्णेच्या पलीकडे कुणी धुणं आपटत असेल तर कपडा आधी आपटलेला दिसतो, आवाज मागून येतो. जन्मभर हेच पाहिल्याने आवाज थोडा मागे राहिला तर मेंदू चालवून घेतो. सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत सहसा कळतही नाही. पण आवाज पुढे धावला, तर पंचेचाळीस सहस्रांश सेकंदांतच खटकतो, कारण निसर्गात असं घडतच नाही. नवे टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतात आणि आवाज थेट ॲम्प्लिफायरला गेला की तो पुढे जातो. सेटिंगमध्ये ऑडिओ डिले किंवा लिप-सिंक शोधा आणि आवाज थोडा मागे ढकला. तिथेच सेट-टॉप बॉक्सचा आवाज पाच स्पीकरसाठी जातोय की दोनसाठी, तेही पाहा. पाचच्या मांडणीत संवाद मधल्या स्पीकरवर असतात. तो शोकेसच्या खणात आत ढकलला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा, नाहीतर खणच मडक्यासारखा घुमतो.

आणि स्पीकरमधून येणारी ती सततची ‘हुंऽऽ’, तीही पत्रात आहे, म्हणजे विजेची पन्नास कंपनं. गच्चीवरच्या डिशची केबल आणि ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग दोन ठिकाणांहून आली की त्यांच्यात बारीक प्रवाह फिरतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थची जाडी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गुणगुण थांबेल, पण जीव धोक्यात येईल.

उरला प्रश्न खोली शांत करण्याचा. शहरात यासाठी फोमची पॅनेलं मिळतात. आपल्याकडे घोंगडं आहे. जत, आटपाडी, माणच्या माळावरच्या मेंढ्यांची लोकर, हाताने विणलेली, खरखरीत आणि सच्छिद्र. आवाजाची हवा त्या धाग्यांमध्ये शिरते, घासते आणि तिची अगदी किंचित उष्णता होते. घोंगडं भिंतीला चिकटवू नका. भिंतीला टेकून हवा हलूच शकत नाही, म्हणून लाकडी पट्टीवर चार बोटं अंतर ठेवून टांगा. आधी सोफ्याच्या मागे, मग बाजूच्या भिंतींवर टीव्ही आणि सोफा यांच्या मधोमध. जमिनीवर जाड सतरंजी. जुन्या गोधड्या असतील तर दुहेरी घडी करून त्याही चालतील. व्यंजनांना हे पुरेसं आहे. वूफरच्या लांब लाटांना घोंगडं आवरू शकत नाही, तिथे फक्त जागा बदलणंच उपयोगी.

जमलं की नाही हे पाहायला सिनेमा लावू नका, मिरजेच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. तार घोडीच्या वक्र पाठीवर लोळत वाजते आणि खाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी खुलते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं की त्यामुळे तारेच्या नेहमीच्या नियमाने जे स्वर उमटायला नकोत, तेही उमटतात. मिरजेचे कारागीर तो दोरा केसभर इकडेतिकडे करत कानाने जागा शोधतात. उघड्याबोडक्या हॉलमध्ये हे सगळे उंच स्वर एकमेकांत सांडतात आणि नुसता गुंजारव उरतो. पहिलं घोंगडं टांगा, पुन्हा लावा, डोळे मिटून ऐका. मग दुसरं. ज्या घोंगड्यानंतर चारही तारा वेगवेगळ्या छेडलेल्या कळतील, तिथे थांबा, आणि आईंना सिनेमा पाहायला बोलवा.