दुखणे दाढेचे की जबड्याच्या सांध्याचे?

सांधेदुखी म्हटली की आपल्याला गुडघा आठवतो, खांदा आठवतो. जबड्याचा सांधा कुणाच्या लक्षात नसतो. बोलणे, चावणे, जांभई देणे ही कामे तो जन्मभर निमूटपणे करतो आणि दुखू लागला की दोष भलत्याच्याच माथी जातो. कुणी कानात तेल घालतो, कुणी दाढ काढायला येतो. दंतवैद्य म्हणून असे रुग्ण मला नेहमी भेटतात. कान स्वच्छ असतो, दाढ धडधाकट असते. दुखणे मात्र खरे असते. अशा वेळी दाढ काढली तर दुखणे राहते आणि चांगली दाढ कायमची जाते.

आपल्या दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली जे सरकताना लागते, ते खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक. ते टोक आणि कवटी यांच्यामध्ये चिवट तंतूंची एक लहानशी चकती असते. तोंड उघडताना हाड आधी जागच्या जागी फिरते, मग पुढे घसरते. चकती थोडी जागा सोडून असेल तर ‘कट्’ असा आवाज येतो. नुसताच आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर घाबरू नका. त्याला उपचार लागत नाहीत.

बऱ्याच जणांचे दुखणे सांध्यापेक्षा चावण्याच्या स्नायूंचे असते. काही जण झोपेत दात खातात. काही जण दिवसा काळजीत, परीक्षेच्या ताणात किंवा संगणकासमोर बसल्या बसल्या दातावर दात दाबून धरतात. त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मूठ तासन्‌तास आवळून ठेवली तर हात दुखणारच. जबड्याचेही तसेच आहे. तरुण आणि मध्यम वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, ही तक्रार अधिक दिसते.

१९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-घसातज्ज्ञाने या दुखण्याचा संबंध पडलेल्या दाढांशी आणि बिघडलेल्या चाव्याशी जोडला. त्यानंतर कित्येक वर्षे दात घासून चावा ‘जुळवण्याचे’ उपचार होत राहिले. कॉस्टेनचे ते स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. २०२३ च्या अखेरीस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा भर रुग्णाला नीट समजावून सांगणे, जबड्याचे व्यायाम आणि ताण हाताळायला शिकवणे यांवर आहे. चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध त्यांत स्पष्ट सल्ला आहे.

मग घरी काय करायचे? एक सूत्र पाठ करा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. जेवताना सोडले तर दातांनी एकमेकांना भेटायचे कारण नाही. दोन-तीन आठवडे वरण-भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी असा मऊ आहार घ्या. चिक्की, ऊस, सुपारी, च्युइंगगम बंद. गालावर दिवसातून दोन वेळा पंधरा-वीस मिनिटे कोमट शेक घ्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. जीभ टाळूला लावून, दुखणार नाही इतपतच तोंड हळू उघडा आणि मिटा. असे पाच-सहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस. रात्री दात खाण्याने दात झिजत असतील तर दंतवैद्य त्यांच्या रक्षणासाठी कवच बनवून देतात. बहुतेकांना एवढ्यावर आराम पडतो.

काही लक्षणे मात्र घरी बसून सोसायची नाहीत. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, छाती दाटते, घाम फुटतो. तो हृदयाचा इशारा असू शकतो, ताबडतोब रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर कानशील नव्याने ठणकू लागले, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. मार लागल्यानंतरचे दुखणे, तापासह सूज, उघडलेले तोंड मिटेनासे होणे, यांतही थांबू नका.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारीची सवय सुटलेली नाही. सुपारीने गालाच्या आतली त्वचा पांढरट व ताठ होते, तिखट झोंबते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. हा सांध्याचा आजार नव्हे; यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावतात का, ते पाहा. मावत नसतील तर तपासणी करून घ्या.

आणि कुणी दाढ काढायला किंवा दात घासायला सांगितले, तर एवढेच विचारा: डॉक्टर, दुखणे या दातातूनच येते, हे तपासून पाहिले का?