जुन्या फियाटचे धक्के : आधी दुरुस्ती, मग बदल

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ बाजारात आणली. १९७४ मध्ये तिचेच नाव ‘पद्मिनी’ झाले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही देशभरात अनेक घरांनी आपली फियाट जपून ठेवली आहे. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली गाडी विकायला मन धजत नाही.

पण मुलाबाळांना घेऊन निघाले की हीच गाडी खड्ड्यात आदळते, वळणावर कलते आणि ब्रेक लावताच पुढे झुकते. मग मालक गॅरेज गाठतो. तेथे सल्ल्यांना तोटा नसतो : ‘मागे एक पाटा वाढवा’, ‘कडक शॉक ॲब्सॉर्बर टाका’, ‘स्प्रिंग कापून गाडी खाली बसवा.’ यातल्या बऱ्याच सल्ल्यांनी पैसा जातो आणि दोष मात्र तसाच राहतो. कारण दोष बहुधा गाडीच्या रचनेत नसतो, तर वर्षानुवर्षे झिजलेल्या भागांत असतो.

कोणाचे काम काय?

या गाडीच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत आणि दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. मागे सलग ॲक्सल असून तो पोलादी पाट्यांवर बसवलेला आहे. स्प्रिंग आणि पाटे गाडीचे वजन पेलतात व धक्का झेलतात. पण दाबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते. ती उसळी थांबवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. त्याच्या आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीचा जोर उष्णतेत विरतो.

शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही. टेकलेच नाही, तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींचा उपयोग कमी होतो. म्हणून हा प्रश्न केवळ आरामाचा नाही, तर गाडीत बसणाऱ्यांच्या सुरक्षेचा आहे.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागी उभी करावी. एकेका कोपऱ्यावर जोराने दाब देऊन सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. ती हेलकावे खात राहिली तर त्या बाजूचा शॉक ॲब्सॉर्बर गेला असे समजावे. त्यावर तेलाचा ओघळ दिसला तरीही तो बदलावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एक बाजू खाली असेल तर स्प्रिंग किंवा पाटे बसले असण्याची शक्यता मोठी.

खर्चाचा क्रम

पहिला खर्च टायर आणि रबरी बुशवर करावा. बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतात आणि त्यांना तडे जातात. रेडियल टायर घ्यायचे तर चारही एकदम घ्यावेत. एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक जुन्या पद्धतीचा टायर लावणे धोक्याचे आहे.

बुशसाठी पॉलियुरेथेनचाही पर्याय मिळतो. तो अधिक टिकतो, पण रस्त्याची थरथर आणि आवाज आत पोहोचवतो. कुटुंबाच्या गाडीला साधे रबरच बरे. रबरी बुशचे नट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळून घ्यावेत. जॅकवर लटकत्या स्थितीत आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते.

त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर. ते नेहमी जोडीने बदलावेत. वायू भरलेल्या प्रकारात तेलाला सहसा फेस येत नाही, त्यामुळे लांबच्या खडबडीत रस्त्यावर त्यांची पकड टिकते. पण फार कडक निवडले तर जुन्या बॉडीचे सांधे खिळखिळे होतात.

पाटे आणि स्प्रिंग शेवटी. पाटे सपाट झाले असतील तर ते उतरवून, साफ करून त्यांना पुन्हा बाक देता येतो. तडा गेलेला पाटा मात्र बदलावाच. मागे जादा पाटा टाकला की सामान भरलेली गाडी बसत नाही हे खरे, पण रिकामी गाडी उड्या मारते आणि मागची चाके ओल्या रस्त्यावर घसरू शकतात.

हे टाळावे

कॉइल स्प्रिंग कापू नये. वेढे कमी झाले की ती अधिक कडक होते, आपल्या बैठकीतून निसटू शकते आणि चाकांचा कोन बिघडून टायर एका बाजूने झिजतात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते, म्हणून ती योग्य अवजारांशिवाय घरी काढू नये.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आर. सी. बुकातील तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. आज केलेली कापाकापी उद्या हा मार्ग बंद करू शकते. काढलेले मूळ भाग म्हणूनच भंगारात देऊ नयेत.

एका वेळी एकच बदल करावा, चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच माणसांसह गाडी चालवून पाहावी. मागे बसलेल्या आजीने तक्रार केली नाही आणि ब्रेक लावताना गाडी सरळ रेषेत थांबली, तर पुढचा खर्च करण्याची गरज नाही.