मॉरिशसला गेलात तर एक दिवस समुद्राला नाही, पोर्ट लुईसला द्या

मॉरिशस म्हटलं की निळं पाणी, पांढरी वाळू आणि हनिमूनचे फोटो. पर्यटक विमानतळावरून थेट किनाऱ्यावरचं रिसॉर्ट गाठतात. राजधानी पोर्ट लुईसच्या वाट्याला येतात जेमतेम दोन तास, तेही शॉपिंगसाठी.

पण या शहरात एक अख्खा दिवस निवांत फिरलं, तर मराठी माणसाला तिथं आपलीच एक विसरलेली गोष्ट सापडते. मुख्य ठिकाणं जवळजवळ आहेत, त्यामुळे एकदा मेट्रोने किंवा बसने शहरात उतरलं की बाकी सगळं पायी.

सकाळ : १६ पायऱ्या

सुरुवात करायची बंदराजवळच्या आप्रवासी घाटापासून. पाहायला काय आहे? दगडी भिंतींचे अवशेष आणि १६ पायऱ्या. बस्स. पण अर्ध्याहून जास्त मॉरिशसचा इतिहास याच पायऱ्या चढून आलाय.

झालं असं की, इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकलं. उसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपणार हे ठरलं आणि मळेवाल्यांना नवे मजूर हवे झाले. मग भारतातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाजातून ३६ मजूर उतरले. १९२० पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या घरात गेला.

यातले बहुसंख्य बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. पण मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांत कोकणातली, रत्नागिरीकडची माणसंही होती. २००६ मध्ये युनेस्कोने या घाटाला जागतिक वारसा स्थळ ठरवलं.

दुपार : धोल पुरी आणि आलुदा

घाटापासून थोडं चाललं की सेंट्रल मार्केट. इथं भूक लागलीच पाहिजे. धोल पुरी म्हणजे डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी. आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच म्हणा. दोन पोळ्यांत शेंगदाण्यांची, सॉरी म्हणायची वेळ येऊ नये म्हणून आधीच सांगायचं तर, मोठ्या वालांची भाजी आणि चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. सोबत आलुदा, म्हणजे दूध आणि सब्जा घातलेला थंडगार फालुदा. मजुरांच्या घरातलं जेवण आज साऱ्या देशाचं स्ट्रीट फूड झालंय.

संध्याकाळ : तिकिटं आणि किल्ला

उन्हं तापली की कोदाँ वॉटरफ्रंटवरच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये शिरायचं. १८४७ सालची, जगातल्या सर्वात दुर्मीळ तिकिटांपैकी दोन इथं आहेत. उजेडाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी काही मिनिटंच दिवा लावतात, त्यामुळे ती वेळ आधी विचारून घ्या.

ऊन उतरल्यावर टेकडीवरचा सिटाडेल किल्ला. १८३४ मध्ये, म्हणजे 'ॲटलास' आलं त्याच वर्षी, त्याचं बांधकाम सुरू झालं. वरून बंदर आणि १८१२ पासूनचं शाँ द मार्स हे रेसकोर्स दिसतं.

मग मराठीचं काय झालं?

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. शाळेत मराठी हा विषय घेता येतो. पण रोजची बोली क्रिओल. मराठी घरांतही मुलं सहसा क्रिओलमध्येच बोलतात. सण टिकला, भाषा मात्र मागे पडत चाललीय.

माणसांची नोंद मात्र टिकून आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारावर आलेल्या मजुरांची दप्तरं जपली आहेत. त्यांत नाव, वडिलांचं नाव, गाव, जहाज आणि अनेकांचे फोटोही आहेत. आजही लोक त्यावरून आपलं मूळ गाव शोधतात.

जाताना एक लक्षात ठेवा : आप्रवासी घाट रविवारी बंद असतो, त्यामुळे हा दिवस आठवड्याच्या मधला ठेवा. आणि बाजारात एखाद्या दुकानदाराचं आडनाव ओळखीचं वाटलं, तर गाव विचारायला लाजू नका.