कंपासपेटीची जकात



शाळा उघडल्या, की आपण मुलासाठी प्लॅस्टिकची कंपासपेटी आणतो. ती पेटी की खेळणे, यावर घरात कोणी भांडत नाही. परंतु तीच पेटी परदेशातून न्हावाशेवा बंदरात उतरली, म्हणजे त्या प्रश्नावर मोठी रक्कम अवलंबून राहते. प्लॅस्टिकच्या साच्यावर राबणाऱ्या एका कामगाराने मला विचारले, "भाऊ, बाहेरचा डबा आपल्यापेक्षा सस्ता कसा पडते?" त्याला उत्तर द्यावे म्हणून मी जकातीचे पुस्तक उघडले. माझे शिकणे असेच, गरजेपोटी झालेले आहे.

आपला सीमाशुल्क दर कायदा 1975 चा. त्यातील वस्तूंची यादी 1986 पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे लावलेली आहे. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, आणि क्रमांकाप्रमाणे दर. 4202 म्हणजे ट्रंका, सूटकेसी, दप्तरे आणि तत्सम पेट्या. 3926 म्हणजे प्लॅस्टिकच्या इतर वस्तू, त्यांत शाळेचे साहित्यही आले. 9503 म्हणजे खेळणी. सप्टेंबर 2018 मध्ये पहिल्या दोहोंचे मूळ शुल्क 10 वरून 15 टक्के झाले. खेळण्यांचे 2020 मध्ये 20 वरून 60, आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. एक लाखाच्या मालावर 15 टक्क्यांनी 15 हजार होतात, 70 टक्क्यांनी 70 हजार. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्याला भारतीय मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले. नाव बदलले, की हिशेब बदलला!

मग नाव ठरवायचे कसे? त्याचे नियम ठरलेले आहेत. प्रथम क्रमांकाचे शब्द आणि प्रकरणांच्या टिपा वाचावयाच्या. प्लॅस्टिकच्या प्रकरणातून 4202 च्या पेट्या टिपेनेच वगळल्या आहेत. म्हणून आधी तेथे पाहावयाचे, मग 3926 कडे वळावयाचे. पेटीत वर्तुळक, कोनमापक ही साधने मापाच्या खाचांत बसवून आली असतील, तर पेटी त्या साधनांच्या मागोमाग 9017 मध्ये जाते. झाकणावर गोळी फिरविण्याचा खेळ असेल, तर वस्तूचे मुख्य स्वरूप कोणते, हे पाहावयाचे. खेळ काढून टाकला तरी पेन्सिली राहतात. पेन्सिलीची जागा काढली तर काय उरते? एवढ्यानेही निकाल लागला नाही, तर तुल्यबळ क्रमांकांपैकी शेवटचा घ्यावयाचा.

लोक वस्तूला काय समजतात, यालाही न्यायालयात वजन असते. अबकारीतील उदाहरण आपल्या विदर्भातलेच आहे. बैद्यनाथचे लाल दंतमंजन औषध की दात घासण्याची पूड, हा वाद नागपूरच्या अबकारी खात्याशी झाला. सामान्य गिऱ्हाईक त्याला औषध समजत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटले.

आता माझी अडचण सांगतो. माझा स्वार्थ म्हणतो, प्रत्येक परदेशी पेटीला खेळणे म्हणा. 70 टक्क्यांची भिंत उभी राहील आणि इथला साचा चालू राहील. परंतु नियम वाचल्यावर साध्या पेटीला खेळणे म्हणणे मला जमत नाही. आयातदाराने खरे खेळणे पेटी म्हणून दाखविले, तर ती लबाडी. आणि आम्ही पेटीला खेळणे म्हटले, तर तीही लबाडीच. शिवाय वाढलेली जकात शेवटी कोणत्या तरी मजुरीवाल्या आईच्या पदरातूनच जाते.

दर कमी वाटत असेल, तर तो वाढवून मागावा. उघडपणे, सभेत, संसदेत. संशय असला तर तपासणी मागावी. आयातदारालाही माल आणण्यापूर्वी अग्रिम निर्णय मागण्याची सोय आहे. मात्र नाव वाकवू नये.

त्या कामगाराला मी हेच सांगितले. त्याचे समाधान झाले नाही, आणि ते मला समजते. पण आता तो डब्याचा भाव विचारून थांबत नाही. कोणत्या क्रमांकाखाली आला, तेही विचारतो.